रीडिंग

"शून्य ते दहा. किती?"
सिस्टर लिन्सी विचारते, पेन उघडून.
मी म्हणतो, चार.
कालही चार म्हणालो होतो.
परवा भूल उतरताना, कुणी विचारलं नसताना,
चारच म्हणत होतो म्हणे.

एकतीस वर्षं रबाळ्याला बॉयलरवर काढली.
दर तासाला काचेमागचा काटा बघायचा
आणि वहीत आकडा लिहायचा.
रात्रपाळीचं आता सांगायला हरकत नाही,
कंपनी गेली, तिथं गोडाऊन आहे:
दोन वाजता बसून सहापर्यंतचे आकडे
एकाच शाईत भरून टाकायचो
आणि चिंध्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकायचो.
चार. चार. सव्वाचार, जरा खरं वाटावं म्हणून.
बॉयलर कधी फुटला नाही.
ते मी माझं कसब समजत होतो.

आता डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग
कुठल्याशा बरणीत आहे,
आणि दोन बरगड्यांमध्ये कुणीतरी
पहार अडकवून विसरून गेलंय.
पण चार.

सकाळी फिजिओचा पोरगा येतो, अर्सलान,
मुंब्र्याहून दोन बस बदलून.
छातीशी धरायला उशी देतो.
"काका, खोका. जोरात."
मी घसा खाकरतो,
लग्नात आपण आलोय हे कळावं म्हणून खाकरतात तसा.
तो हसत नाही.
"चारवाले खोकतात, काका," एवढंच म्हणतो
आणि बाहेर जाऊन फोन लावतो.

मग खाटेभोवती गर्दी.
भूलवाल्या डॉक्टर खानविलकर
हातमोज्यात बर्फाचा खडा घेऊन बरगडी बरगडी उतरतात:
इथं गार लागतं? इथं?
जिथं लागायला नको तिथंही लागतं.
पाठीतली नळी दोन बोटं सरकलीय.
औषधांचे तांडेल किडनीचा कागद दाखवून
एका इंजेक्शनवर काट मारतात.
सर्जन म्हणतात, उद्या चालवायचंय.
अर्सलान म्हणतो, आधी खोकू तर दे.
हळू आवाजातलं त्यांचं भांडण मला ओळखीचं वाटतं.
व्हॉल्व्ह गळायला लागला की
आम्हीही असेच उभे राहायचो,
फिटर, केमिस्ट, शिफ्ट इनचार्ज,
आणि पहिला प्रश्न हाच असायचा:
शेवटचं रीडिंग कुणी घेतलं?

कोपऱ्यातून सुलभा बोलते,
तीन दिवसांत पहिल्यांदा:
"ह्यांना नका विचारू.
उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला
की आठ समजायचं. लग्नापासून बघतेय."
सगळे पायाकडे बघतात.
डॉक्टर खरंच लिहून घेतात. अंगठा.

नवी नळी. हातात एक बटण.
"हे फक्त ह्यांनी दाबायचं.
तुम्ही नाही, आम्हीही नाही."
सुलभा दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसते.

रात्री दोन वाजता
खिडकीत पारसिकचा डोंगर नुसता काळा,
ठाणे-बेलापूर रोडवर टँकर.
ही वेळ मला पाठ आहे.
आता कुणी येणार नाही.
टेबलावर बसूनच आकडा भरतील, मीही भरलाच असता.

पावलं. टॉर्च.
लिन्सी आधी पायावरची चादर उचलते,
मग माझ्याकडे बघते.
"किती?"

साडेसहा, मी म्हणतो.
खोकलो तर नऊ.

ती लिहिते. मी कागद मागतो.
प्रत्येक तासापुढे वेगळा आकडा,
एकाला तर खाडाखोड करून दुसरा.

बटण दाबलं. थांबलो.
मग उशी आवळली आणि खोकलो.
समोरच्या खाटेवरचा दचकून उठला,
म्हणाला, काय फुटलं?