वाहकाची साक्ष

डब्यावर नाव नाही. खडूनं कुणीतरी लिहिलंय:
"एकोणऐंशी मिनिटं. आवाज खरखरतो."
रोसारिओत, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही अकरा जण, आणि बाराव्या खुर्चीवर
प्रोजेक्टर अडला तर लागणारा स्क्रू-ड्रायव्हर.

बावन्न सालचा सिनेमा. तीन आठवडे चालला,
मग गोदामात गेला, मग गोदाम जळालं.
ही एवढी एक प्रत उरली, कडेनं तांबूस पडलेली.
नट कुणाच्या ओळखीचे नाहीत.
खुनी तर इतका साधा, की वाटावं
पोस्टात आपल्याच पत्रांवर शिक्के मारत असेल.

पण खून बघा.
दिसत काहीच नाही. नदीकाठचं कोठार,
दाराच्या फटीतून गळणारा गहू,
गळता गळता
थांबतो.
बास.
सोळा वेळा पाहिलंय, सोळा वेळा काटा आलाय.

मग ट्राम, रात्रीची शेवटची.
खुनी चढतो, नाणं पुढे करतो.
वाहक तिकीट फाडतो आणि, फार तर दोन सेकंद,
त्याच्या बाहीकडे बघतो.
बाहीच्या घडीत गव्हाचे दाणे.
हा वाहक पुन्हा येत नाही.
पोलीस सगळ्यांना विचारतात: खानावळवालीला,
गोदीतल्या हमालांना, पाद्र्याला,
एका तोतऱ्या पोरालासुद्धा.
वाहकाला कुणी विचारत नाही.

ही पटकथेतली चूक, असं मी दिवे लागल्यावर बोललो,
जरा ऐटीतच.

तेव्हा मागून नेलिदा फ्रातीनी उठल्या,
पंच्याहत्तरीच्या, हातावर कोट.
"ते माझे वडील. नट नव्हते, खरेच वाहक.
सरळ समोर बघा, असं त्यांना बजावलं होतं.
दाणे कुणी ठेवले नव्हते हो,
आधीच्या दृश्यातले चिकटून राहिलेले.
घरी येऊन आईला म्हणाले,
दिसत होते, तर न बघून कसं चालेल?
पुढे कितीतरी वर्षं जेवता जेवता
घास हातात धरून थांबायचे:
मला विचारलं असतं
तर दुसऱ्याच रिळात सापडला असता."

कुणी हसलं, मग हसायचं थांबलं.
मी रीळ मागे फिरवलं.
आम्ही दहा जण पडद्याला नाक लावून
त्या दोन सेकंदांत उभे होतो.
नेलिदाबाईंनी एकदाच वर बघितलं,
कोटाची बटणं लावली.
त्यांची बस सव्वाअकराची होती.