ओसरी

ओसारेतिन, असं नाव सांगितलं त्यानं,
बॅग अजून खांद्यावरच होती.
शरयूच्या जिभेला ते पेललं नाही,
दुसऱ्याच दिवशी तिनं त्याचं ओसरी करून टाकलं.
जेल रोडच्या आमच्या घराला ओसरी कधी नव्हतीच.
मिळाली ती अशी, सव्वासहा फुटांची,
वरच्या खोलीतल्या कॉटवरून पाय बाहेर लोंबणारी.

त्याआधी तो कॅनडा कॉर्नरला फिरला होता,
चार घरं, चार नकार.
कॅनडाचा असतो तर दिली असती का, काका?
मी म्हटलं, चहा घे.

गायधनी म्हणाले, भटाला दिली ओसरी,
आणि पुढचं अर्धं भुवयांनी म्हणाले.
मग मोबाइल पुढे केला: कुठल्याशा शहरातली मारामारी,
खाली लिहिलेलं, नायजेरियन टोळी, सावध राहा.
ओसरीनं तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.
हा मुलगा आमच्याकडचा नाही, म्हणाला,
पण असू दे, लिहा आमच्या खात्यावर,
तिथे असं बरंच जमा आहे.
मी हसलो.
डिपॉझिट मात्र मी त्याच्याकडून दुप्पट घेतलं होतं.
ते इथे लिहून ठेवतो.

रविवारी त्याचे मित्र यायचे.
भात, लाल रस्सा आणि भांडण.
एकदा धावत वर गेलो, वाटलं, हाणामारी.
तर विषय असा, की देशाचा चेहरा कुणी बिघडवला.
एबिएरे म्हणाली, सिनेमावाल्यांनी.
करणी, फसवणूक, छळलेली सून,
जग तेच पाहतं
आणि विमानतळावर आपल्याला रांगेतून बाजूला काढतं.
दुसरा म्हणाला, मंत्र्यांनी.
सिनेमात निदान चोर शेवटी सापडतो तरी.
ओसरी म्हणाला, आपल्या गाण्यांवर सगळे नाचतात,
नाचून दमले की व्हिसा नाकारतात.
यावर असे हसले सगळे
की शरयू खालून विचारत आली, कुणाचं लग्न ठरलं?

तिला ते सिनेमे आवडू लागले.
भाषा कळत नव्हती, सासू कळत होती.
मोठं फाटक, गेटवरचा म्हातारा, जिन्यावरून उतरणारी बाई.
हिचा नवरा जाणार बघ, ती पोळी लाटता लाटता म्हणायची,
आणि पोळी फुगेपर्यंत तो गेलेला असायचा.

मी एकतीस वर्षं प्रेसमध्ये.
पासपोर्ट छापले लोकांचे,
स्वतःचा काढला नाही, जायचं कुठे होतं?
एकदा म्हटलं, तुझा दाखव.
हिरवी पुस्तिका त्यानं दोन्ही हातांनी दिली,
नापास मुलं प्रगतिपुस्तक देतात तशी.
प्रत्येक खिडकीवर आधी हिला उजेडात धरतात,
म्हणाला, मग मला.
मीही धरली उजेडात. सवय.
माझ्या बोटांना कागद आधी कळतो, देश नंतर.
गरुड, खाली दोन घोडे, सोनेरी ठशात.
शिवण तपासली, अंगठा फिरवला,
रेघ कुठे फुटली नव्हती.
कुणीतरी रात्रपाळीत डोळे फोडून केलेलं.
म्हटलं, काम चोख आहे.
तो काही बोलला नाही.
बराच वेळ बोलला नाही.

मे महिन्यात वीज गेली की आम्ही शिव्या देतो.
वरची मुलं गप्प वाट बघतात,
आणि पंखा फिरला की एका दमात ओरडतात: अप नेपा!
नेपा म्हणजे त्यांचं वीजमंडळ.
त्याचं नाव बदललं, पुन्हा बदललं,
आरोळी तेवढी राहिली.
आता गल्लीतली पोरंही ओरडतात.
परवा दोन तास अंधार होता,
दिवे आले तेव्हा समोरच्या गॅलरीतून
पहिला आवाज आला तो गायधन्यांचा.
लगेच खोकून ते आत गेले.

डिपॉझिटचं मी अजून काही केलेलं नाही.