अकरा पावलं

नियम मीच टाइप केला, म्हणून पाठ आहे:
‘विमानतळ पोलीस नेमताना उमेदवाराची
उंची, छाती, चारित्र्य, आणि
आभाळाकडं बघायची सवय—’
नाही, शेवटचं मी घातलेलं.
साहेबांनी लाल शाईनं खोडलं.

नेमगोंडा मगदूम, बक्कल नंबर चारशे सात,
नेमणूक कवलापूरच्या धावपट्टीवर.
शपथ विश्रामबागेतल्या कचेरीत झाली.
लाइट गेली होती, पंखा बंद,
त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू आला.
अधिकार: कुंपणाच्या आत सगळे.
बाहेर: इतर कुणाही माणसाइतके.
ज्यानं नेमलं त्यालाच जाब द्यायचा,
काढायचं तर त्यानंच काढायचं,
आणि काढण्याआधी ऐकून घ्यायचं.

विमान काही येत नाही तिथं.
वाऱ्याची पिशवी फाटून दोन वर्षं झाली.
बायका डांबरावर हळकुंडं वाळत घालतात.
त्यांना उठवायचा अधिकार आहे त्याला,
कलम सहा, पोटकलम दोन.
तो एवढंच म्हणतो, ‘मावशी,
मधली पांढरी रेघ तेवढी मोकळी ठेवा. कुणी सांगावं.’
महिन्याच्या अहवालात लिहितो:
आलेली विमानं निरंक. गेलेली विमानं निरंक.
हळद, अंदाजे चार पोती.

फेब्रुवारीत, रात्री दीडच्या सुमाराला,
तासगावकडनं आलेला बेदाण्याचा ट्रक
कुंपणाबाहेर कलंडला.
ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला
आणि जमलेली माणसं खोकी उचलत होती.
नेमगोंडानं आतनं शिट्टी मारली.
शिट्टीला हद्द नसते, ती गेली.
मग तो गेला.

तिसऱ्या दिवशी तक्रार.
ज्याची गचांडी धरली तो कुणाचा तरी मेहुणा निघाला.
पंचांनी उसाच्या पाटाकडेच्या चिखलात
उमटलेली पावलं मोजली:
तारेपासून केबिनपर्यंत अकरा.
कारणे दाखवा नोटीसही मीच टाइप केली.
‘हद्दीबाहेर अधिकार वापरल्याबद्दल
आपणावर कारवाई का करू नये.’

उत्तर वहीच्या फाडलेल्या पानावर आलं.
‘साहेब, अधिकार नेला नव्हता.
टोपी, पट्टा, बिल्ला तारेला अडकवला
आणि इतर कुणाही माणसाइतका बाहेर गेलो.
ड्रायव्हर जिवंत आहे. नाव इस्माईल, गाव चडचण.
परत येऊन बिल्ला लावला.
त्यावर दव पडलं होतं, पुसून लावला.’
खाली सही.
बक्कल नंबर लिहून खोडलेला.

साहेबांचा शेरा:
बिल्ला बेवारस ठेवल्याचा दोष वेगळा नोंदवावा.

फाइल वर गेली.
वर म्हणजे नेमणाऱ्या अधिकाऱ्याकडं,
आणि ते पद मार्चपासून रिकामं.
प्रभारी म्हणतात, मी नेमला नाही, काढू कसा?
शाबासकी द्यावी, तर तसं कलम नाही.
‘देखरेख अधिकारी’ या रकान्यात
मी रोज पेन्सिलीनं एक टिंब देतो
आणि घरी जायच्या आधी पुसतो.

रविवारी मोटारसायकल काढून गेलो.
नेमगोंडा पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला,
ठिपक्याएवढा दिसत होता. हाक नाही मारली.
चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या.
तारेला पाठ लावून मीच चालत मोजलं,
ट्रकची काच अजून चमकत होती तिथवर.
माझी एकोणीस भरली.

धावला असणार तो.
पंचनाम्यात हे नाही.

परत फिरून पट्टीवर आलो, पेन शोधत उभा राहिलो,
तर हळद पसरणारी एक बाई ओरडली,
‘ओ सायेब,
रेघेवरनं बाजूला व्हा की.’