ठसे

संस्थेचा फॉर्म विचारतो: पहिल्या आठवड्याचे ठळक ठसे,
दोनशे शब्दांत.

मलावीतल्या या गावात मी सायकलच्या कॅरिअरवर बसून आले.
वायसनने माझी बॅग हँडलला बांधली होती, माझ्याहून काळजीने.
अकरा किलोमीटर. चढावर म्हटलं, उतरते,
तर म्हणाला, मग भाडं कशाचं घेऊ?

पोरं ओरडली, म्झुंगू! म्झुंगू!
आंब्याखालच्या एका म्हाताऱ्याने डोळे बारीक करून
दुरुस्ती केली: छे, ही म्वेन्ये.
म्वेन्ये म्हणजे आपण.
म्हणजे मोठ्या बाजारात काउंटरमागे बसलेले,
साबण, साखर, सिमेंट,
आणि डोक्यावर उधारी बंद असल्याची पाटी.
तिसऱ्या दिवसापर्यंत चार बायांनी मला तेलाचा भाव विचारला.
मला माहीत नव्हता.
एवढ्या लांबून आली आणि भाव माहीत नाही!

मी पंपासाठी आले होते.
तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात, कनिष्ठ अभियंता,
निवृत्त होतानाही कनिष्ठच.
पंपाच्या छातीवर ओतीव अक्षरं, मेड इन इंडिया.
मी त्यांवरून हात फिरवला, परमुलखात गाववाला भेटावा तसा.
हा ना, एनेलेसी म्हणाली, हा दर उन्हाळ्यात रुसतो.
ती पाणी समितीची खजिनदार.
कमरेच्या चितेंजेची गाठ सोडून तिने पाना काढला,
सायकलच्या जुन्या ट्यूबमधून ब्लेडने वायसर कापला, गोल,
पाणी भरलेल्या वाटीच्या काठासारखा गोल.
मी काही सुचवत होते. माझं वाक्य फातसानी
सहावीच्या इंग्रजीतून तिच्यापर्यंत नेईतो
पाणी आलं.
माझे चाळीस अस्सल वायसर तिने मोजून घेतले,
वहीत लिहिले, सही घेतली.

जेवताना मात्र मला कुणी शिकवलं नाही.
तांब्यातून हातावर पाणी, मग न्सिमा,
उकडीहून घट्ट, भाकरीहून मऊ, वाफ येणारी.
बोटं आपोआप निघाली.
सोबतचा डॅनिश मुलगा तळहात भाजून फुंकत बसला
आणि मला उगाच पोस्टात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.
मग दिसलं, मी मोडून खाते, ते मुठीत वळून खातात.
तेवढ्यावरही हसले.

दार वाजवायचं नसतं इथे.
अंगणाच्या कडेला थांबायचं, ओडी म्हणायचं,
आतून ओडिनी आलं की मग पाऊल.
मी पहिले तीन दिवस सरळ आत शिरत होते,
हातात वही, तोंडावर हसू.
कुणी काही बोललं नाही.
चौथ्या दिवशी फातसानीने बाजूला घेऊन सांगितलं,
वयस्कर माणसाला सांगतात तसं, हळू.
त्या रात्री मला
आत शिरलेली एकेक अंगणं आठवत राहिली.

काल रात्री संडासाहून परतताना चुकले.
बॅटरी संपलेली, चंद्र नाही,
कुठल्याशा मक्याच्या कणगीला हात लागला,
कुठेतरी शेळ्या उठल्या.
कुणाला हाक मारावी तर ओडी म्हणायचं की काय,
तेच सुचेना.

सकाळी झाडलेल्या लाल मातीवर
माझ्या बुटांचा नक्षीदार तळ उमटलेला, सगळ्या वळणांसकट.
फातसानी त्यावर पाय ठेवत चालला होता,
मागे आठ-दहा पोरं, आणि वाचत होता मोठ्याने:
इथे थांबली. इथे वळली.
इथे शेळ्यांना घाबरली.
हे काय, इथे परत तिथेच आली!
सगळं गाव हसलं, मीही.

एनेलेसी वाकून बघत होती.
उजवा जास्त रुततो, म्हणाली.
डावा गुडघा दुखतो?
दुखतो, म्हटलं. बरीच वर्षं.
तिने मान हलवली, झाडू उचलला,
आणि माझी अख्खी रात्र
दोन मिनिटांत झाडून टाकली.