सहासष्ट अंश

चाळीस वर्षं मी सेलमच्या एका बोळात
सोनं वितळवलं.
हजार चौसष्ट अंश.
हा आकडा मला शालनच्या वाढदिवसाआधी आठवतो,
आणि हे तिलाही माहीत आहे.

आता विट्यात, मार्गशीर्षात, माडीवर
समोर वीस लिटरचं पातेलं,
आणि त्यात बुडालेला थर्मामीटर म्हणतो, सहासष्ट.
सहासष्टच. तासभर. वर नाही, खाली नाही.
एवढ्या उबेला आम्ही गलाई लोक
चहा म्हणतो, तोही निवलेला.

सातू सांगलीहून आला, इलाहीच्या टेम्पोतून.
"घोडं घेतलंस काय?" त्यानं विचारलं.
"बियर करायची म्हणतोय."
तो टेम्पोला टेकून बराच वेळ हसला
आणि सोड्याच्या जुन्या बाटल्या फुकट देऊन गेला.

भिजवला, गोणपाटावर पसरला,
पुढं काय ते मला येईना.
शालननं एक दाणा नखानं उकलला.
"मटकीला मोड आणण्यात जल्म गेला माझा.
शेपूट दाण्याएवढं झालं की थांबवायचं.
त्याच्या फुडं दाणा सोताच सोताला खातो."
पुस्तकात हेच अडीच पानं होतं.

गच्चीवर वाळवला. चिमण्यांनी आपला वाटा नेला.
गिरणीत भरडला, ज्वारीच्या मागून,
मिरचीच्या नाही, एवढी अक्कल होती.
हॉप्स कुरिअरनं आले:
हिरव्या गोळ्या, जनावराच्या औषधासारख्या,
आणि वास असा, की कडुनिंबाच्या मोहोरात बसून
कुणीतरी संत्रं सोलतंय.

पहिल्या खेपेला मी घाई केली.
उकळी बसली न बसली तोच यीस्ट टाकलं,
मुशीत टाकणखार टाकतात तसं,
चिमटीनं, ऐटीत.
वाफ अजून चष्म्यावर येत होती.
रात्रभर सलाइनची नळी पाण्याच्या बाटलीत गप्प.
सकाळी गप्प. तिसऱ्या दिवशीही.
"मेलं व्हय?" शालन म्हणाली.
मी म्हणालो, पुडी जुनी असणार.

पण मला कळलं होतं.
माझ्या धंद्यात जळतं ते हीण,
उरतं ते सोनं.
इथं जे हवं होतं तेच जाळून
मी वर झाकण लावून बसलो होतो.

लेंगऱ्याचा एक पोरगा नेला होता सेलमला. अंकुश.
तेरा वर्षांचा. पहिल्याच दिवशी
भट्टीच्या तोंडाशी बसवला.
आठव्या दिवशी न सांगता गाडीत बसला.
कस नव्हता त्याच्यात, असं मी
त्याच्या आईला पत्रानं कळवलं.

दुसऱ्या खेपेला पातेलं हौदाच्या पाण्यात ठेवलं.
थर्मामीटर होता, तरी शालननं
पातेल्याच्या पोटाला बाहेरून हात लावला,
विरजणाच्या दुधाला लावते तसा.
"अजून न्हाई."
मी बिडी ओढून आलो. "अजून न्हाई."
मग तीच म्हणाली, "आता घाला. हळू."

रात्री दोनला माडीवर आवाज झाला.
डुब्.
चोर असेल म्हणून काठी घेऊन गेलो.
डुब्. बाटलीत एक बुडबुडा,
मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.
काठी हातात धरून तसाच उभा राहिलो.
भात्याशिवाय, कोळशाशिवाय
काहीतरी आपलं आपण चाललं होतं.

दोन आठवड्यांनी बाटल्या भरल्या, अर्धा चमचा साखर प्रत्येकीत.
मग आणखी दोन आठवडे.
गढूळ झाली, जराशी आंबट, फेस मात्र खरा.
शालननं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
"कडू हाय," म्हणाली,
आणि पेला परत दिला नाही.

अंकुशचं आता नेवरी रोडला पंक्चरचं दुकान आहे.
दोन पोरं हाताखाली.
त्याच्यासाठी एक बाटली बाजूला काढली आहे.
जायचंय. आज, उद्या.
निवू दे म्हणतो, अजून थोडं.

शालन रोज झाडताना त्या बाटलीकडं बघते.
"लई दिस ठेवू नगासा," म्हणते,
"साखर घातलीया. फुटंल."