अर्धं तिकीट

ब्रिनाने चित्र आणलं चौकटींच्या वहीतलं,
घामट हातांनी चार घड्या घातलेलं.
दोन पात्यांची कुऱ्हाड, वटवाघळाने पंख पसरावेत तशी,
मधोमध चंद्रकोरीचं भोक, दांड्याला वेटोळं घालून साप.
"केवढी हवी?"
"माझ्याएवढी."
मी तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं,
डोक्यावर पट्टी ठेवून खडूने रेघ मारली.
एक मीटर बावन्न.

क्रोपात आम्ही खिळे ठोकणारी माणसं.
इथे ओढा घरांच्या भिंती घासत उतरतो,
त्याच्या पाण्यावर भाते चालायचे,
आणि एकेका भट्टीला सहा-सहा बाया
पहाटेपासून खिळ्यांची डोकी चपटी करायच्या.
मी त्या ओळीतली शेवटची.
कुंपणाच्या जाळ्या करते, बिजागऱ्या,
थडग्यांवर ठेवायचे कंदील.
राक्षसांच्या राणीचं काम आलं ते हे पहिलंच.

ऑगस्टात पठारावर मुलं जमतात म्हणे,
गवतात तीन दिवस युद्ध.
तलवारी स्पंजाच्या. ही मात्र खरी,
सिंहासनाशेजारी नुसती उभी राहणार.
"आणि धार नको," ब्रिना म्हणाली, "नियम आहे.
कडा नाण्याएवढी जाड."
मी हो म्हटलं.
हो म्हणताना हात एप्रनमध्ये पुसले, उगाचच.

जुन्या ट्रकच्या पाट्याचं पोलाद,
कोळशात आधी काळंजांभळं, मग चेरीचं, मग संत्र्याचं.
घणावर ओझ्बेय. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला,
पण खांदे अजून स्टिअरिंगएवढे रुंद.
मी हातोडीने टिचकी मारायची, तो तिथेच घण घालायचा,
टिचकी, घण, टिचकी, घण,
बोलायचं काहीच नाही.
टाकणखार शिंपडला की तो काचेसारखा वितळायचा
आणि दोन लोखंडं एकमेकांना विसरून
एक व्हायची.
नेढं पाडायला दोन दिवस गेले.
डावा पंख झाला, उजवा झाला.
मी रात्री त्यांच्यावर चादर घातली,
लेकराला घालावी तशी. हसू नका.

आणि पाणी देताना
तेलाच्या पिंपातून आवाज आला: टण्ण.
बारीक. हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ बोलतो तसा.
उजवा पंख मुळापासून फुटला होता.
ओझ्बेय टोपी काढून उभा राहिला.
ऑगस्टाला नऊ दिवस.

ब्रिना आली. बघत राहिली.
मी माफीचं वाक्य जुळवत होते, तोवर ती म्हणाली,
"म्हणजे राणी आधीच एक युद्ध लढून आलीय."
तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं.
"ही कड घासू नका."

दांडा राखीच्या लाकडाचा,
वादळाने पाडलेल्या झाडाचा.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात,
हिच्या दांड्याच्या गोताने निवांत झोपावं.
पाचर ठोकली, जवसाचं तेल पाजलं,
साप मात्र मला जमला नाही, गांडुळासारखा दिसतो.

शेवटच्या रात्री मी एकटी होते.
सहाणेचं चाक फिरवलं.
दोन बोटं रुंद, फक्त खालच्या कोपऱ्याला,
एवढंच, बघण्यापुरतं.
तासाभराने ती कड
वर्तमानपत्र आवाज न करता कापत गेली,
हवामानाच्या अंदाजातून, आरपार.
मग मी कानस घेतली
आणि तीच धार स्वतःच्या हातांनी मारली.
पाऊण तास लागला.
दात शिवशिवत होते.

सकाळी ब्रिनाला ती उचलवेना.
मी पुढे, ओझ्बेय मागे, शिडी न्यावी तशी
पुलावरून, चर्चखालून, बसथांब्यापर्यंत.
ब्रिना बाजूने चालत, एक हात नेढ्यावर.
ड्रायव्हर पोरगेला होता. त्याने कुऱ्हाडीकडे पाहिलं,
मग आमच्याकडे.
"हिचं पूर्ण तिकीट लागेल."
"अर्धं," ओझ्बेय म्हणाला,
एकतीस वर्षांच्या अधिकाराने.
"एकच पंख आहे, दिसत नाही का?"