मोठ्याचं

सुपत्रानं सांगितलेलं: पाणी कोमट हवं,
बाळाच्या अंघोळीला बघतो तसं कोपर बुडवून बघ.
मग तांदळाचा कागद. सात मोजायचे,
आणि जरा ताठ असतानाच काढायचा बाहेर.
उरलेलं मऊपण त्याचं तो येऊ देतो.

पहिला फाटला.
दुसरा स्वतःलाच चिकटून बसला.
तिसरा नीट पसरला ओल्या पंचावर,
तेव्हा दिसलं, अरे, ही तर फेणी.
वाफेतून नुकती उतरवलेली,
काठ सुईनं सोडवायच्या आधीची.
आई इतक्या पातळ करायची
की खालच्या साडीची फुलं वर दिसायची.
पलीकडच्या आळीतून कुणी कधी चव मागितली नाही.

तांदूळ कोरडेच भाजले, बदामी होईस्तोवर,
खलबत्त्यात जाडसर कुटले.
घरभर भाजणीचा वास.
खिडकीतून निघून तो डग आजोबांच्या
दोरीवरच्या पायजम्यांना लागला असणार.
लागू दे.

खिडकी उघडी आहे.
हे मुद्दाम लिहितेय.

कारण रविवारी बाबा आणायचे ते
पेपरात, मग पिशवीत, मग अजून एका पिशवीत.
आई आधी खिडकी लावायची, मग स्टोव्ह पेटवायची.
उदबत्ती दोन-दोन.
नाव घ्यायचं नाही. मोठ्याचं म्हणायचं.
आणि सोमवारी वर्गात कुणी विचारलं, काल काय केलं होतं गं,
तर बटाटा.
मी सांगितले तेवढे बटाटे
आमच्या अख्ख्या तालुक्यात पिकले नसतील.

इथे हलमध्ये, ट्रिनिटी मार्केटातला खाटीक
"कसं कापू, लव्ह?" विचारतो
आणि नाव, वजन, किंमत छापून वरून चिकटवतो.
मी पिशवीत ठेवताना अजूनही
लेबल आतल्या बाजूला करते.
परवा बसमध्ये लक्षात आलं. उलटं करून ठेवलं.

तवा धूर येईपर्यंत तापवला.
दोन मिनिटं या अंगाला, दोन त्या.
मग झाकून ठेवायचं, घाई नाही,
आणि धाग्याला आडवं, पातळ कापायचं.
लिंबू, ताडगूळ, कुटलेली मिरची,
फिश सॉस, ज्याचा वास सुकटीच्या डब्यात
डोकं घातल्यासारखा.
पुदिना, कोथिंबीर, काकडी,
आणि त्यांची ती जांभळ्या देठाची, बडीशेपेच्या वासाची.
तुळस म्हणावं का तिला?
मी म्हणते.

खालून दुमडायचं, बाजू आत घ्यायच्या,
बाळंतिणीच्या पोराला गुंडाळतात तसं घट्ट.
पण हे गुंडाळणं काही लपवत नाही.
पानाची शीर न् शीर दिसते,
मांसाचा मधला गुलाबी पट्टाही.

नऊ झाले होते तेव्हा बेल वाजली.
मृण्मयी. सम्यकचा सायकलचा पंप परत द्यायला.
"अय्या, किती सुरेख दिसतायत! आत काय आहे?"

जिभेवर बटाटा आला.
एकेचाळीस वर्षांची मी, आयसीयूची सिस्टर,
रात्रपाळीत मरणाशी मोठ्यानं बोलणारी,
आणि जिभेवर बटाटा.
मी सात मोजले.
"मोठ्याचं," म्हणाले.

"मोठ्याचं म्हणजे?"

तिला तो शब्दच माहीत नव्हता.
आमचा एवढा जपून झाकलेला शब्द,
ज्यांच्यापासून झाकला
त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.
मला हसू फुटलं, ते तिला कळलं नाही.
"बीफ गं."

"अच्छा."
पंप खुर्चीवर ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.
फ्रीजवरचं शाळेचं वेळापत्रक वाचलं, सगळं.
मग म्हणाली, "मला नुसत्या पाल्याचा देशील?"

चाकू तोच होता, पंचाही तोच.
धुऊ का, असं मी विचारलं नाही.
धू, असं ती म्हणाली नाही.
एवढंच. त्यात मी जास्त काही वाचत नाही.
तिला दिलेला गुंडाळताना मात्र हात थोडा हलला,
आणि टोकाला पुदिना बाहेर आला.

सम्यक खाली आला, उभ्यानंच दोन संपवले.
"मम्मा, मिरची फार झालीय," म्हणाला,
आणि तिसरा घेतला.